ई-टाइपचे ब्रेक: मामा आणि भाची

जॅग्वारची ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. ताशी 150 मैल, म्हणजे सुमारे 240 किलोमीटर, असा कंपनीचा दावा होता आणि त्या आकड्याचं कौतुक अजून सरलेलं नाही. मला मात्र या गाडीचे ब्रेक तिच्या इंजिनाइतकेच देखणे वाटतात. बहुतेक मोटारींना चारी चाकांवर ड्रम असण्याच्या त्या काळात ई-टाइपला चारी चाकांवर डनलपचे डिस्क ब्रेक होते. शिवाय पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी दोन वेगळे मास्टर सिलिंडर होते. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक हाताशी उरत.

अशी गाडी आज ज्याच्या दारात आहे, त्यानं हे ब्रेक बदलावेत का? या प्रश्नावर मी इथे दोघांना बोलतं केलं आहे. दोघंही कल्पनेतले आहेत, पण त्यांची मतं खरी आहेत आणि जुन्या गाड्यांच्या लोकांत ती रोज ऐकू येतात. मामा कॉव्हेंट्रीत राहतात. टूलरूममध्ये हयात काढून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या गॅरेजात 1962 ची 3.8 लिटरची ई-टाइप आहे. भाची पुण्याची. टाटा मोटर्सनं 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यापासून पुणे आणि कॉव्हेंट्री यांच्यात इंजिनिअरांची जी ये-जा सुरू झाली, तिच्यातूनच ती कॉव्हेंट्रीला आली. तिचं काम ब्रेकच्या चाचण्यांचं.

भाची: मामा, राग मानू नकोस, पण तुझ्या गाडीत बसले की माझा पाय आपोआप तळाचा पत्रा दाबायला लागतो. पेडल किती जड आहे रे! तू दाबतोस, दाबतोस, आणि मग कधीतरी गाडीच्या लक्षात येतं. पुढे चार पिस्टनचे नवे कॅलिपर टाक, हवा खेळणाऱ्या डिस्क टाक आणि मोकळा हो.

मामा: अगं, डिस्क ब्रेक म्हणजे काय हे जगाला ज्या गाड्यांनी शिकवलं, त्यांच्या घराण्यातली ही गाडी आहे. तिला तू ब्रेक शिकवतेस?

भाची: घराण्यावर गाडी थांबत नाही.

मामा: ऐकून तर घे. डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं ते इथून जवळच बर्मिंगहॅममध्ये, फ्रेडरिक लँचेस्टरनं, 1902 मध्ये. पण धातूवर धातू घासायचा, ब्रेक लावला की किंचाळायचा, म्हणून ती कल्पना पन्नास वर्षं जवळपास पडून राहिली. लढाईनंतर डनलपनं विमानांच्या चाकांवर काम केलं आणि मग जॅग्वारबरोबर ते मोटारीत आणलं. 1952 च्या मिल्ले मिल्याला स्टर्लिंग मॉस डिस्क लावलेली सी-टाइप घेऊन उतरला, शेजारी बसला होता कंपनीचा चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस. ती शर्यत त्यांना पुरी करता आली नाही. पण महिन्या-दोन महिन्यांत रॅन्सला मॉस जिंकला, त्याच ब्रेकवर. आणि पुढच्या वर्षी ल मान्स!

भाची: ते मला माहीत आहे.

मामा: तरी ऐक. ल मान्सला सहा किलोमीटरच्या आसपास सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी जवळजवळ काटकोनातलं वळण. गाडी तिथे ताशी 230-240 नं येते आणि वळणाला सायकलच्या वेगावर नाही, पण पार दुसऱ्या-पहिल्या गिअरवर आणावी लागते. असं दर फेरीला, चोवीस तास. ड्रमवाल्या गाड्या ब्रेक जपत यायच्या. ड्रम तापला की फुगतो, लायनर त्याच्यापासून दूर जातं, पेडल खोल जातं आणि पकड सुटते. म्हणून ते चालक लांबूनच पाय हलका करायचे. जॅग्वारवाले त्यांच्या पुढे जाऊन मग ब्रेक मारायचे. 1953 ला रोल्ट आणि हॅमिल्टन पहिले, मॉस आणि वॉकर दुसरे, जॅग्वारचीच तिसरी गाडी चौथी. सरासरी ताशी 170 किलोमीटर! चोवीस तासांत ताशी 100 मैलांच्या वरची सरासरी त्या दिवशी पहिल्यांदा निघाली. दोनच वर्षांनी मर्सिडीजला आपले ड्रम वाचवायला चालकाच्या पाठीमागे हवेत उभा राहणारा पत्रा लावावा लागला. ते ब्रेक, पोरी, माझ्या गाडीत आहेत. ते काढून मी कुठल्या तरी कॅटलॉगमधला लाल रंगाचा कॅलिपर लावू?

भाची: मामा, हे सगळं मला मान्य आहे, आणि तू सांगतोस तेव्हा आवडतंही. पण 1953 चा तो सरळ रस्ता शर्यतीचा होता. तिथे जो उतरला तो आपल्या मर्जीनं उतरला. तू शनिवारी गाडी काढतोस ती शाळेवरून नेतोस. फुटपाथवरून खाली पाय ठेवणाऱ्या पोरानं तुझ्या गाडीचा इतिहास जपायचं कबूल केलेलं नाही. आणि इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला मे 2018 पासून दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. म्हणजे तुझे ब्रेक बघणारा तूच एकटा.

मामा: मी दरवर्षी तपासून घेतो. कायदा काहीही म्हणो.

भाची: घेतोस, मला ठाऊक आहे. पण मी हिशेब सांगते. ताशी 100 वरून आजची साधी मोटार कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, गुरुत्वाकर्षणाइतक्या मंदनानं थांबते असं धर. तिला 39 मीटर लागतात. तुझी गाडी त्याच्या ऐंशी टक्क्यांवर थांबते असं धर, तर 49. दहा मीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण जिथे समोरची गाडी पूर्ण थांबली, तिथे तुझी गाडी किती वेगात असेल?

मामा: असेल, पंधरा-वीस.

भाची: पंचेचाळीस! ताशी 45 किलोमीटर. कारण वेग शेवटच्या काही मीटरांतच झपाट्यानं उतरतो. पंचेचाळीसनं माणसाला धडक बसली तर काय होतं हे मला कामामुळे रोज वाचावं लागतं.

मामा काही वेळ गप्प राहिले असते असं मला वाटतं. हा आकडा कोणालाही गप्प करणारा आहे. मी तो पुन्हा मांडून पाहिला, बरोबर येतो. वेगाचा वर्ग हा असाच दगा देतो: अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे उरलेला वेग आपल्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघतो. पण मामांनी आयुष्यभर मशीनवर काम केलं आहे, आणि आकड्याच्या मागे कोण उभं आहे हे पाहिल्याशिवाय ते मान तुकवत नाहीत.

मामा: बरं. आता मला सांग, हे दहा मीटर कॅलिपरनं मिळतील का?

भाची: म्हणजे?

मामा: माझ्या गाडीचे ब्रेक आज, आहेत तसे, जोर लावून दाबले तर चाकं लॉक होतात की नाही?

भाची: होतात.

मामा: मग चाक लॉक झाल्यावर चार काय, आठ पिस्टनचा कॅलिपर लावलास तरी ते अधिक लॉक होणार आहे का? गाडी थांबवतो तो टायर. रस्ता आणि रबर यांच्यात जेवढी पकड, तेवढंच थांबणं. तुझ्या आजच्या मोटारीचे दहा मीटर आले कुठून? टायरमधून आणि एबीएसमधून. ब्रेकच्या आकारातून नाही.

भाची: एका थांब्याचं म्हणशील तर हे खरं आहे. मी नाकारत नाही. ब्रेकनं चाक लॉक करता येत असेल तर एका थांब्यापुरता ब्रेक पुरेसा. पण लॉक करता येतं आणि लॉकच्या काठावर धरून ठेवता येतं, यात अंतर आहे. जड पेडलवर, घाबरलेल्या पायानं, तो काठ सापडत नाही. आणि तू टायरचं म्हणालास म्हणून विचारते, तुझ्या गाडीला कुठले टायर आहेत?

मामा: रेडियल.

भाची: कारखान्यातून आली तेव्हा डनलपचे आरएस 5 होते, क्रॉसप्लाय. ते तू केव्हाच काढलेस. रेडियलची पकड जास्त, म्हणजे चाक लॉक व्हायला ब्रेकला आता जास्त जोर लावावा लागतो. तेच पेडल, तोच पाय, पायाला मदत करणारा तोच सर्व्हो, आणि मागणी मात्र वाढलेली. ब्रेकचा आणि टायरचा मूळचा मेळ तू स्वतःच बदललास, मामा. मग ब्रेकना हात लावायचा नाही हे कसं?

इथे मला भाचीची बाजू भक्कम वाटते. जुन्या गाडीत सुटा भाग असा नसतोच. टायर बदलले की ब्रेकचं काम बदलतं, ब्रेक बदलले की सस्पेन्शनवर येणारा ताण बदलतो. ‘मी फक्त टायर बदलले’ असं म्हणणाऱ्यानं खरं तर पूर्ण साखळीला हात घातलेला असतो. पण याच युक्तिवादाची दुसरी धारही आहे, आणि ती पुढे येईल.

मामा: ठीक. मग तुला ब्रेक कशासाठी बदलायचे आहेत ते नीट सांग. थांबायचं अंतर कमी करायला नाही, हे तू कबूल केलंस.

भाची: उष्णतेसाठी. ब्रेकचं काम गाडी थांबवणं हे आपण वरवर म्हणतो. त्याचं खरं काम वेगाची उष्णता करणं आणि ती उष्णता हवेत सोडणं. तुझी गाडी, तू, मी आणि पेट्रोल धरून तेराशे किलो. ताशी 100 वरून एकदा थांबलास की पाच लाख जूल उष्णता होते. दीड लिटर थंड पाण्याला उकळी येईल एवढी, आणि तीही साडेतीन सेकंदांत. पहिल्या क्षणी तर हे ब्रेक 380 अश्वशक्तीच्या दरानं उष्णता करत असतात. तुझ्या इंजिनाची कंपनीनं सांगितलेली शक्ती आहे 265. आता वेग 200 कर, उष्णता चौपट.

मामा: 200 नं मी कुठे चालवतो!

भाची: नको चालवूस. घाट उतर. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साडेपाचशे मीटर उंची जाते. इंजिनानं काहीच ओढून धरलं नाही असं समज, तर तेवढा उतार म्हणजे 100 वरून चौदा थांबे, एकामागून एक. खरं तर गिअर बराच भार घेतो, पण उरलेलं सगळं त्या डिस्कमध्ये. आणि तुझ्या मागच्या डिस्क कुठे आहेत?

मामा: आत.

भाची: आत! चाकापाशी नाहीत, डिफरन्शियलला चिकटून, गाडीच्या पोटात. तिथे वारा लागत नाही. शेजारी डिफरन्शियलची ऑइल सील. डिस्क तापली की सील भाजते, भाजली की गळते, आणि गळलेलं तेल कुठे जातं? डिस्कवर.

मामा: पण ती रचना उगाच केलेली नाही. मागची डिस्क आणि कॅलिपर चाकापासून काढून आत घेतले की चाकाबरोबर वरखाली नाचणारं वजन कमी होतं. त्यामुळेच ही गाडी खडबडीत रस्त्यावर इतकी मऊ चालते आणि तरी वळणात चिकटून राहते. बॉब नाइटनं ते मागचं सस्पेन्शन आखलं, आणि पुढे कंपनीच्या कितीतरी मोटारींना दशकानुदशकं तेच राहिलं.

भाची: रचनेला मी नावं ठेवत नाही. तिला डिस्कमधून हवा खेळायला हवी, एवढंच म्हणते. मागे व्हेंटिलेटेड डिस्क बसवल्या तर बाहेरून कोणाला दिसणारही नाहीत.

मामा: हे मात्र मी ऐकून घेतो. मागच्या सीलनी मला छळलं आहे. ती बदलायची म्हणजे मागची अख्खी चौकट खाली घ्यायची. पण पुढच्या चार पिस्टनच्या कॅलिपरचं मला पटत नाही.

भाची: त्यात मलाही शंका आहेत. दुकानदार सांगत नाहीत त्या.

मामा: मग सांग की!

भाची: पहिली गोष्ट, चाकं पंधरा इंची आणि तारांची. त्यांच्या आत डिस्क फार मोठी बसतच नाही, कॅलिपर तारांना लागतो. म्हणजे मोठा कॅलिपर येतो आणि डिस्कचा व्यास जवळपास तोच राहतो. दुसरं, पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की त्यांना सरकवायला जास्त ब्रेक ऑइल लागतं, पेडल खोल जातं. मग लोक मास्टर सिलिंडर मोठा घेतात. पाऊण इंचावरून सात-अष्टमांश इंचावर गेलास तर क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं, आणि पायाचा जोर तेवढाच राहिला तर नळीतला दाब 27 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ज्या जड पेडलची तक्रार होती तेच परत. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण. फक्त पुढचे ब्रेक जबर केलेस तर पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागचे ब्रेक अर्धवट कामावर राहतात आणि गाडी उलट जास्त अंतर घेते. फक्त मागचे वाढवलेस तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. दुसरं जास्त वाईट.

मामा: म्हणजे कारखान्यातल्या माणसांनी काहीतरी विचार करून प्रमाण बसवलं होतं.

भाची: बसवलं होतं. त्या टायरसाठी, त्या पॅडसाठी.

मामा: हां, पॅड. आता माझं ऐक. तू गाडीत बसलीस आणि पेडल जड लागलं म्हणून तुला 1962 चे ब्रेक वाईट वाटले. पण तू जे दाबलंस ते 1962 चे ब्रेक नव्हतेच. साठ वर्षांत जे झालं ते तू दाबलंस. डनलपच्या या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या आत एक पिन असते, ब्रेक सोडला की पिस्टन किंचित मागे ओढणारी. ती झिजली की पॅड डिस्कला घासत राहतात किंवा नको तेवढे मागे जातात. सिलिंडरला आतून गंज चढतो, पिस्टन अडकतो, मग दोन बाजूंपैकी एकच पॅड काम करतो. रबरी होज पाइप बाहेरून छान दिसतात आणि आतून फुगतात. कधी कधी आतलं रबर सुटून झडपेसारखं आडवं येतं, ऑइल जातं पण परत येत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 चं ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की तीच मर्यादा 155 वर येते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला. आणि सर्व्होचं ते रबरी बेलोज चिरलं की निर्वात टिकत नाही. यातला प्रत्येक दोष थोडा थोडा असला की तुला वाटतं, हेच जुने ब्रेक.

भाची: तुझ्या गाडीत यातलं काय आहे?

मामा: होज मी बदललेत. कॅलिपर उघडलेले नाहीत. बेलोज जुनंच आहे.

भाची: म्हणजे तूही 1962 चे ब्रेक कधी दाबलेले नाहीस.

मामा: नाही. म्हणूनच म्हणतो, आधी ते मला दाबायचे आहेत. मग ठरवू चांगले की वाईट.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते इथे मामांच्या तोंडून आलं. ब्रेक बदलायला निघालेला माणूस बहुतेक वेळा मूळ ब्रेक आणि नवे ब्रेक यांची तुलना करत नसतो. तो झिजलेल्या, गंजलेल्या, पाणी प्यायलेल्या ब्रेकची तुलना कोऱ्या ब्रेकशी करत असतो. नवा संच बसवला की गाडी झकास थांबायला लागते आणि श्रेय चार पिस्टनना जातं. पण त्याच दिवशी सगळं ऑइल नवं झालेलं असतं, होज नवे, पॅड नवे, डिस्क सरळ, कॅलिपर मोकळे. यातल्या कशानं किती फरक पडला हे मग कोणालाच कळत नाही. ज्यानं आधी मूळ ब्रेक पुरे उभे केले, सिलिंडरला स्टेनलेस स्टीलच्या बाह्या बसवल्या, न गंजणाऱ्या तांबे-निकेलच्या नळ्या ओढल्या, नीट एअर काढली, त्यालाच पुढच्या बदलाचा खरा हिशेब कळतो. मला ही पायरी गाळणं चुकीचं वाटतं, मग माणूस कोणत्याही बाजूचा असो.

भाची मात्र इथे थांबणारी नाही, आणि तिनं थांबूही नये.

भाची: मूळ ब्रेक उभे करायचे म्हणतोस. पॅड कुठून आणणार? लँचेस्टरचं ते किंचाळणं गेलं कशानं, तर पुढे हर्बर्ट फ्रूडसारख्यांनी ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस आणलं म्हणून. तुझ्या गाडीच्या मूळ पॅडमध्ये तेच होतं. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ब्रिटननं 1999 मध्ये ते बंद केलं. म्हणजे 1962 चा ब्रेक जसाच्या तसा आज कोणीही करू शकत नाही. करूही नये.

मामा: हे खरं आहे. गॅरेजात त्या काळी ड्रम उघडला की हवेच्या नळीनं धूळ उडवायचे. आजूबाजूला माणसं उभी असायची.

भाची: म्हणूनच जुनी गाडी उघडताना आजही ओल्या फडक्यानं पुसायचं, फुंकायचं नाही. सांगायचं एवढंच, पॅड निवडण्यापासूनच तू आजच्या काळात येतोस. आणि तिथेच लोक चुकतात. शर्यतीचे पॅड आणतात. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच झेब्रा क्रॉसिंगला ते मूळ पॅडपेक्षा वाईट असतात. रस्त्यावरच्या गाडीला थंडीत पकडणारा मध्यम पॅड हवा.

मामा: हे कोणी सांगत नाही बघ.

भाची: कारण ‘शर्यतीचे’ म्हटलं की विकलं जातं. बरं, मला एक मधली वाट दिसते. 1968 मध्ये सिरीज टू आली, तिला पुढे गर्लिंगचे मोठे कॅलिपर होते. तुझ्याच गाडीच्या धाकट्या बहिणीचे. राइटनला जॅग्वारचं स्वतःचं क्लासिक वर्क्स आहे. 2017 मध्ये त्यांनी सिरीज वन पुन्हा उभी करून द्यायला सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाइकानं मागितलं तर हेच सिरीज टूचे कॅलिपर बसवायची तयारी दाखवली. कारखान्यालाच ते परकं वाटत नाही.

मामा: घरातलंच आहे म्हणायचं.

भाची: आणि परत काढता येतं. वेल्डिंग नाही, भोकं पाडायची नाहीत. तुझे डनलपचे कॅलिपर तेल लावून खोक्यात ठेव, वर तारीख लिही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, 2013 ची तुरिन सनद आहे. जुन्या इमारतींसाठी 1964 मध्ये व्हेनिसला जी सनद झाली तिच्या धर्तीवर. तिचाही रोख हाच आहे: बदल कमीत कमी, नोंदवलेला, आणि शक्यतो उलटवता येणारा. विमा कंपनीला कळवायचं ते वेगळं.

मामा: कॅलिपरचा तुझा मुद्दा मी मान्य करीन, पण मूळचे उभे करून पाहिल्यावरच. आणि सर्व्होचं बेलोज मी काढणार नाही.

भाची: का? कंपनीनंच 1964 मध्ये 4.2 आली तेव्हा तो सर्व्हो काढून लॉकहीडचा लावला. साडेतीन वर्षांत! त्यांनाही पेडल जड वाटलं असणार.

मामा: असेल. पण या सर्व्होमध्ये पेडलच्या दांड्यालाच बेलोज मदत करतं, ऑइलच्या नळीत मध्ये काहीही येत नाही. बेलोज फाटलं तरी पाय आणि दोन मास्टर सिलिंडर यांच्यातला दुवा सरळ राहतो. मी मशीनवर काम केलेला माणूस आहे. मोडलं तर कसं मोडेल, हे मला आधी बघायचं असतं.

भाची: मोडल्यावरचं तू बघतोस, मी रोजचं बघते. गुडघे तुझे आज चांगले आहेत. पाच वर्षांनी?

या एका मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूचा आहे. मोडल्यावर काय होईल याचा मामांचा विचार रास्त आहे, पण सर्व्हो काही दर आठवड्याला मोडत नाही. पेडल मात्र दर सिग्नलला दाबावं लागतं, आणि ज्या दिवशी खरोखर जोरात दाबायची वेळ येते त्या दिवशी पायात किती बळ शिल्लक असेल हे कोणी सांगू शकत नाही. ज्या कंपनीनं ही गाडी घडवली तिनंच इतक्या लवकर तो भाग बदलला, याला मी तिचीच साक्ष समजतो. मामांना हे पटेल असं नाही.

मामा: चल, एक करू. मार्चमध्ये कॅलिपर उघडतो. बाह्या, सील, पिन, सगळं नवं. ऑइल नवं, पॅड तू म्हणतेस तसे मध्यम. बेलोजही नवं. मग तू ये.

भाची: येते. पण चालवून ‘छान लागले’ असं नाही म्हणायचं. बंद रस्ता मिळवू. ताशी 50 मैलांवरून दहा थांबे, एकामागून एक, मध्ये गाडी थंड होऊ द्यायची नाही. प्रत्येक थांब्यानंतर चारी डिस्कचं तापमान मी मोजीन. पेडलवर किती किलोचा जोर लागतो तो मोजायचं यंत्र मी कामावरून मागून आणीन.

मामा: आणि टायर?

भाची: त्यांची तारीख मी आधी बघणार आहे. बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. रबर जुनं असेल तर सगळी मोजणी फुकट.

मामा: दहाव्या थांब्याला जोर पहिल्याइतकाच लागला तर?

भाची: तर डनलपचे कॅलिपर राहू देत. बेलोजवर आपण पुन्हा भांडू.

मामा: आणि नाही लागला तर?

भाची: तर पुढे सिरीज टूचे कॅलिपर, आणि मागची चौकट खाली घेऊन व्हेंटिलेटेड डिस्क. सीलही त्याच वेळी बदलून टाकू. दोन माणसं लागतील, मी शुक्रवारी सुट्टी टाकते.